सप्रेम भेट : चार युनिट

घरात सर्वांत जास्त पैसे खाऊन सर्वांत कमी काम कोण करतं, यावर कुटुंबाकुटुंबांत मतभेद आहेत आणि ते बहुधा जेवायला बसल्यावर बाहेर पडतात. खरं उत्तर मात्र खाली पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभं असतं. पंधरा-वीस लाख मोजून आणलेली मोटार दिवसाचे बावीस-तेवीस तास उभी असते. उरलेल्या वेळात ती आपल्याला सिग्नलपर्यंत नेते आणि तिथे उभी राहते.

पेट्रोलची गाडी उभी असली की तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. फार तर बॉनेटवर मांजर झोपतं. विजेच्या गाडीचं तसं नाही. ती उभी असतानाही तिच्या पोटात भरपूर वीज असते. जी वीज चाकांकडे जाते ती घरातल्या पंख्याकडे का जाऊ नये, आणि पंख्याला पुरून उरली तर खांबावरच्या तारांतून परत ग्रिडकडे का जाऊ नये, हा प्रश्न जगभरातल्या शहाण्या माणसांना पडला आहे. पहिल्या प्रकाराला ते ‘व्हेइकल टू होम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘व्हेइकल टू ग्रिड’. गाडीवर घर चालवणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, पण त्यांना त्यासाठी दिवसभर रिक्षा फिरवावी लागते. आता गाडी जागची न हलता घर चालणार आहे. मध्यमवर्गाला यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

हिशोबही मोहात पाडणारा आहे. आपल्या पॅसेजमध्ये जी इन्व्हर्टरची बॅटरी असते, जिच्यावर चपलांचं कपाट टेकलेलं असतं आणि जिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहून गेलेलं असतं, ती साधारण बारा व्होल्ट आणि दीडशे अँपिअर-अवरची असते. गुणाकार केला तर १.८ युनिट, तेही कागदावर. एवढ्या भांडवलावर आपण तीन दिवे, दोन पंखे आणि वायफाय चालवतो आणि शेजाऱ्यांच्या अंधाराकडे सहानुभूतीने बघतो. विजेच्या मोटारीत, तीही साध्यासुध्या, वीस-पंचवीसपासून पंचेचाळीस युनिटपर्यंत वीज मावते. पंचेचाळीस युनिट म्हणजे पंचवीस इन्व्हर्टर बॅटऱ्या, आणि त्यांतली एकही पाणी मागत नाही. महिन्याला दीडशे युनिट जाळणारं घर त्यावर नऊ दिवस चालेल. अर्थात नऊ दिवस कुणी गाडी बाहेर काढायची नाही, ही अट आहे. अधिक महिन्यात लेक-जावई यायचे असतील तर गणित बदलतं.

विजेशी आपलं नातं मुळात सामाजिक आहे. लाइट गेले की मराठी माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, तो आधी गॅलरीत जातो. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार असला की “सगळीकडचेच गेलेत” असं जाहीर करून निश्चिंत मनाने आत येतो. फक्त आपले गेले तर ते संकट, सगळ्यांचे गेले तर ती परिस्थिती. संकटात माणूस धावपळ करतो आणि परिस्थितीत गप्पा मारतो. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राने लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर काढली. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नसे, तरी त्या दिवसांतून लोकांना आठवतात त्या अंगणातल्या गप्पा. अंधाराची वाटणी तेव्हा सारखी झाली होती. पुढे इन्व्हर्टर आले आणि अंधारात वर्गभेद शिरला. पण तोही सभ्य होता, पंख्यापुरता. उद्या एका गॅलरीच्या मागे एसी घुमतोय आणि शेजारच्या गॅलरीत काका वर्तमानपत्राच्या पुरवणीने वारा घेताहेत, असं झालं तर त्या मजल्यावरच्या संबंधांचं काय होईल, यावर अजून कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

बाकीच्या बाबतीत प्रबंध मात्र केव्हाचे लिहून झाले आहेत. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी १९९७ मध्ये स्टीव्हन लेटेन्ड्रे यांच्याबरोबर एक शोधनिबंध लिहिला. विजेच्या मोटारी या वीज कंपन्यांसाठी विजेचा नवा स्रोत ठरू शकतात, असं त्यात मांडलं होतं. त्या वेळी रस्त्यावर विजेच्या मोटारी जवळजवळ नव्हत्याच. बाळाचा पाळणा घ्यायच्या आत त्याच्या पहिल्या पगाराचं काय करायचं, हे ठरवून ठेवण्यातला हा प्रकार. पण पुढे त्यांच्या विद्यापीठातल्या गाड्यांनी ग्रिडला जोडून घेऊन खरोखर पैसे मिळवले, तेव्हा हसणाऱ्यांनी विषय बदलला.

जपानला हे शहाणपण आपत्तीने शिकवलं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर तिथे पेट्रोलची टंचाई झाली. त्यामानाने वीज बऱ्याच ठिकाणी लवकर परतली, आणि मदतकार्यात विजेच्या गाड्या कामाला आल्या. निसानची ‘लीफ’ तेव्हा बाजारात येऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते. विजेवर गाडी चालते, तर गाडीवर घर का नाही, हा विचार जपानी माणसाच्या डोक्यात आला आणि २०१२ मध्ये कंपनीने तशी यंत्रणा विकायलाही काढली. लीफच्या चोवीस युनिटच्या बॅटरीवर जपानी घर दोनेक दिवस चालावं, असं गणित होतं. २०१९ च्या सप्टेंबरात फक्साई वादळाने चिबा भागातली वीज घालवली, तेव्हा निसानने तिथे गाड्या पाठवल्या. लोकांनी त्या चालवल्या नाहीत, त्यांना पंखे आणि मोबाइल जोडले. अमेरिकेत २०२२ मध्ये फोर्डचा विजेवरचा पिकअप ट्रक आला. मोठी बॅटरी घेतली तर तो लाइट गेल्यावर घर तीन दिवस चालवतो, अशी त्याची जाहिरात होती. तिकडचं घर दिवसाला सरासरी तीस युनिट खातं, हे लक्षात घेतलं तर ‘तीन दिवस’ म्हणजे आपले दोन-अडीच आठवडे. काटकसरी घरात गौरीपासून नवरात्राची घटस्थापना गाठता येईल.

हे झालं घरापुरतं. खरी भानगड ग्रिडची आहे, आणि ती समजून घ्यायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तारांत वीज साठत नाही. तुम्ही मिक्सरचं बटण दाबता त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रात तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी आणि पुरवठा यांचा तोल गेला की फ्रीक्वेन्सी हलते. आपल्या देशात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवायची असते. सासू आणि सून यांच्यामध्ये उभा असलेला मुलगाही याहून मोठ्या पट्ट्यात वावरतो.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन झालं, तेव्हा ग्रिड सांभाळणाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. देशाची मागणी त्या काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि पुन्हा वर चढली. जलविद्युत केंद्रांनी झटपट उत्पादन कमी-जास्त करून तोल राखला. आपण तेव्हा गॅलरीत पणत्यांचे फोटो काढत होतो. सहा महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, हाच तोल मुंबईत सकाळी सुटला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ज्या शहराला अंधार ठाऊक नव्हता त्याने पहिल्यांदा विचारलं, “तुमच्याकडचेही गेलेत का?”

तोल राखण्याच्या या कामात महाराष्ट्र मुळीच नवखा नाही. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प मुख्यतः मागणी शिगेला पोचली की धावून जाण्यासाठी वापरतात. घाटघरला तर त्याहून मजा आहे. पावसाळ्यात तिथे जाणारे कोकणकडा बघतात, धुकं बघतात, आणि धुक्यामुळे कोकणकडा दिसला नाही म्हणून भजी खातात. त्याच डोंगराच्या पोटात २००८ पासून २५० मेगावॉटचा प्रकल्प चालतो. विजेला गिऱ्हाईक नसतं तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं. विजेला मागणी आली की तेच पाणी सह्याद्रीचा कडा उतरवून खाली आणायचं आणि वीज काढायची. चढवायला जितकी वीज लागते त्याहून उतरताना कमीच मिळते. कुठल्याही आजोबांना विचारा, हा धंदा बुडीत आहे असंच सांगतील. पण रात्री दोनच्या विजेला आणि संध्याकाळी सातच्या विजेला एकच किंमत नसते, म्हणून तो चालतो.

आता सौर वीज आली आणि घड्याळच उलटं झालं. दुपारी बारा-एकला, जेव्हा घरोघरी वामकुक्षीची तयारी चालू असते, तेव्हा छपराछपरांवर वीज ऊतू जाते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि त्याच मुहूर्तावर दिवे, टीव्ही, गीझर आणि एसी एकदम जागे होतात. म्हणून तर स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ च्या जुलैपासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. दुपारी स्वस्त वीज प्यायची आणि संध्याकाळी महाग वीज ओतायची, हे काम पार्किंगमध्ये झोपा काढणाऱ्या गाडीला सहज जमण्यासारखं आहे. एका गाडीने तीन किलोवॅट दिले, तर चौऱ्याऐंशी हजार गाड्यांचं एक घाटघर होतं. हा कुणाचा अहवाल नाही, साधा गुणाकार आहे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराने २०२५ मध्ये शेअरिंगच्या रेनॉ गाड्या या कामाला जुंपल्या. तिथे गाड्या सामायिक आहेत, म्हणून भांडण नाही. आपल्याकडे सामायिक असते ती जिन्याखालची जागा, आणि तिच्यावरचा दावा जिल्हा न्यायालयात असतो.

आपल्याकडे तूर्तास कुठवर आलं आहे? पहिल्या पायरीपर्यंत. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्याने आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला आणि नंतरच्या आणखी काही गाड्यांना एक खास जोडणी लावता येते. तिच्या टोकाला सॉकेट असतं आणि त्यात पंखा, मिक्सर, दिवे चालतात. पण गाडीची वीज घराच्या वायरिंगमध्ये आणि तिथून ग्रिडमध्ये सोडायची, तर दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर हवा, दोन्हीकडून मोजणारा मीटर हवा आणि दोन्ही पक्षांनी सही केलेला कागद हवा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी इंजिनिअर बनवतात, त्यामुळे त्या होतील.

गंमत बाजूला ठेवून एक सांगायला हवं. घरची वीज परस्पर तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. लाइन बंद आहे असं समजून तो काम करत असतो आणि खालच्या एखाद्या हुशार घराने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून जनरेटर थेट प्लगमध्ये खुपसलेला असतो. म्हणून ग्रिड गेल्याबरोबर घराची तार बाहेरच्या तारेपासून तोडणारी यंत्रणा लागते. ती ‘आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन’कडून बसवून घ्यायची नसते. तारेवर आकडा टाकून वीज उचलण्याची कला आपल्याकडे गावोगाव पोचली आहे. आता आकडा उलटा टाकून वीज परत द्यायची म्हटलं तर त्याच कलावंतांना प्रशिक्षणाला बोलवावं, अशी सूचना कुणीतरी करील. ती फेटाळावी.

पहिल्या पायरीचं प्रात्यक्षिक मी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाहिलं, गणपतीत. त्या भागाला विजेचं जाणं नवं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तिथल्या कित्येक वाड्यांनी खांब उभे राहण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहिली होती. यंदा वादळ नव्हतं. गणपती होते, पाऊस होता आणि आरतीची वेळ होती, म्हणजे लाइट जायला लागणारं सगळं साहित्य जमलं होतं. ते गेले.

माझा पुण्याचा चुलतभाऊ नवी विजेची गाडी घेऊन आला होता. तोवर ती गाडी वाडीत ‘आवाज नाही म्हणून मागून अंगावर येणारी’ एवढ्याच नात्याने ओळखली जात होती. त्याने ती चिखलातून अंगणात आणून पडवीला लावली, झाकण उघडून जोडणी लावली, खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड आत सरकवला, आणि माटवीखालचा गणपती एकदम उजळला. आरतीत झांजा वाजवणाऱ्याचा ठेका चुकला. काकूने आधी गणपतीला नमस्कार केला, मग बाहेर येऊन गाडीला.

पाच मिनिटांत बातमी वाडीभर झाली. आधी मोबाइल आले. एका बोर्डाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, आणि त्यांवर पालथे पडलेले मोबाइल. मग वरच्या घरातून मिक्सर आला, कारण उद्याच्या उसळीचं वाटप अर्ध्यावर राहिलं होतं. त्यामागून आणखी दोन मिक्सर आले आणि खोबऱ्याची रांग लागली. मग भजनी मंडळाचा अँप्लिफायर आला. डॅशबोर्डवर टक्के दिसतात हे लक्षात आल्यावर खालच्या आळीतल्या एका निवृत्त गुरुजींनी पुढच्या सीटवर बैठक मारली आणि ते दर काही वेळाने खिडकीतून पुकारू लागले : “एक्क्याऐंशी!” “एक्क्याऐंशीच!” “ऐंशी पडले!” बुवांनी एका अभंगाची तान लांबवली तेव्हा पडवीतून कुणीतरी म्हणालं, “बुवा, आटपा, टक्के चाललेत.”

रात्री उशिरा एका उत्साही तरुणाने विहिरीवरच्या एक हॉर्सपॉवरच्या पंपाची वायर आणून जोडली. कागदावर तो पंप पाऊण किलोवॅटचा. पण मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट वीज ओढते. गाडीने ‘खट्’ केलं आणि गणपती, बुवा, मिक्सर सगळे एकदम अंधारात. त्या अंधारात पंपाच्या मालकाच्या मागच्या दोन पिढ्यांचा उल्लेख झाला. मग पंप काढला, गाडीने पुन्हा मन मोठं केलं, आणि भजन पहाटेपर्यंत चाललं. सकाळी गुरुजींनी अंतिम धावसंख्या जाहीर केली : अठ्ठावन्न.

पेट्रोलच्या गाडीने कुणी आलं तर टाकीत किती उरलंय हे वाडीत कुणी विचारलं नसतं. पण अठ्ठावन्न टक्क्यांत पुणं गाठता येईल का, यावर सकाळच्या चहाला सगळी वाडी बोलली. घाटात किती जातील, उतारावर थोडे परत येतात का, महाडपर्यंत पोचला तरी पुष्कळ. लाइट आल्यावर गाडीला पहिला मान मिळाला, फ्रिजच्याही आधी. आणि निघताना डिकी उघडली तर तिच्यात नारळ होते, दोन भल्या मोठ्या काकड्या होत्या, डबाभर मोदक होते. कुणी दर ठरवला नव्हता, पण नीट पाहिलं तर एका मिक्सरमागे एक नारळ असा हिशोब बसत होता. पंपवाल्याने पाच नारळ दिले, कारण पंप एक क्षण चालला पण त्याला बोलणी फार खावी लागली. त्या रात्री जेमतेम दहा युनिट खर्च झाले असतील. विकत घेतले तर चहा-भज्यांचे पैसे. पण ‘अमक्याच्या गाडीवर भजन झालं’ हे वाक्य त्या वाडीत पुढची वीस वर्षं चालेल.

आता हाच प्रसंग शहरातल्या हाउसिंग सोसायटीत आणून पाहा. सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक सात : ज्या सभासदांकडे विजेच्या गाड्या आहेत त्यांनी संध्याकाळी रोज चार युनिट ग्रिडला द्यावेत काय. गाडीच्या चार्जिंग पॉइंटला ना-हरकत मिळवण्यासाठी त्याच सभासदांनी याआधी दोन वर्षं अर्ज केलेले असतात, आणि आगीची भीती म्हणून ते नाकारणारे चेअरमनच आता सहकार्याचं महत्त्व सांगत असतात. पहिल्या मजल्यावरचे सभासद म्हणतात, या विजेवर लिफ्ट चालणार असेल तर आमचा काही संबंध नाही. सातव्या मजल्यावरचे म्हणतात, लिफ्ट चालणार असेल तरच आमचा संबंध आहे. एक काका उभे राहून विचारतात, “दिलेली वीज परत मागता येईल का?” त्यांना गाडी नाही. त्यांना प्रश्न विचारायचा असतो.

मग गाडीवाले बोलतात, आणि त्यांचा मुद्दा एकच असतो : बॅटरी झिजते. यात तथ्य आहे, पण माफक. बॅटरीचं आयुष्य भरण्या-उपसण्याच्या फेऱ्यांत मोजतात आणि आपल्याकडच्या अनेक गाड्यांत असतात त्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या तशा दोन-तीन हजार फेऱ्यांना दाद देत नाहीत. पंचेचाळीस युनिटच्या बॅटरीतून रोज चार युनिट दिले तर अकरा दिवसांत एक फेरी होते, वर्षाला तेहतीस. गाडीचा मालक कंटाळून गाडी विकेल, बॅटरी तोवर ताजीतवानी असेल. शिवाय किती टक्क्यांच्या खाली उपसायचं नाही, ही मर्यादा मालकानेच घालून ठेवायची असते. पण हे सगळं सांगून उपयोग नसतो, कारण झीज बॅटरीची नसते. झीज होते ती ‘आपल्याकडे फुल आहे’ या समाधानाची. पाणी येणार नाही अशी नुसती अफवा आली तरी बादल्या, पिंपं आणि पोळ्यांचा डबासुद्धा भरून ठेवणाऱ्या घरात वाढलेला माणूस शंभर टक्के चार्ज गाडीकडे ज्या नजरेने बघतो, ती नजर एक्क्याण्णव टक्क्यांवर टिकत नाही. ग्रिडमधून येणारी वीज त्याने आजवर कधी पाहिली नव्हती, म्हणून ती कितीही वापरली तरी वाईट वाटलं नाही. गाडीतली वीज टक्क्यांत दिसते. जे दिसतं ते मोजलं जातं आणि जे मोजलं जातं त्यावर जीव जडतो.

मोबदल्याने हे सुटेल असं तज्ज्ञांना वाटतं. समजा, चार युनिटचे चांगले पन्नास रुपये दिले. मराठी माणूस पन्नास रुपयांसाठी काय वाटेल ते करतो, पण ते वाचवायचे असतील तर. मिळवायचे असतील तर त्याला त्यात कमीपणा वाटतो. “आम्ही काय वीज विकायला बसलोय?” हा प्रश्न त्या पन्नासाला भारी पडतो.

म्हणून तो देतच नाही, असं मात्र नाही. कुठल्याही देवळात जाऊन मान वर करा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव लाल रंगाने लिहिलेलं असतं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून दूरदृष्टीच्या दात्यांनी ते मधल्या टोपीवरही घालून घेतलेलं असतं. बागेतल्या बाकांवर नावं आहेत, पाणपोईवर आहेत, मंगल कार्यालयाच्या पातेल्यांवर आहेत. ‘सप्रेम भेट’ आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ या दोन शब्दप्रयोगांवर महाराष्ट्रातलं निम्मं सार्वजनिक जीवन उभं आहे. आमच्या वाडीतही वीज अशीच दिली गेली. कुणी दिली, कुणी घेतली, कितीचं वाटप झालं, सगळं सगळ्यांना दिसत होतं. ग्रिडमध्ये नेमकं तेवढंच होत नाही. तुमचे चार युनिट तारेत शिरतात आणि निनावी होतात. साठा दिसतो आणि दान दिसत नाही, इथे सगळी योजना अडते.

त्यातून विजेचा स्वभाव असा, की ती आधी जवळच्या मागणीकडे जाते. तुम्हाला वाटतं आपण राष्ट्राला वीज दिली. ती जाते त्याच डीपीवरच्या शेजाऱ्याच्या गीझरमध्ये, ज्याच्याशी तुमचं पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यावरून दोन वर्षं बोलणं नाही. तो तुमच्या विजेवर आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून, गॅलरीतून तुमच्याकडे न बघता आत जातो.

उपाय अवघड नाही आणि त्याला नवं यंत्रही लागत नाही. वीज बिलाच्या मागच्या बाजूला आजही बऱ्याच सूचना छापतात, त्या कुणी वाचत नाही. तिथे एकच ओळ छापावी : ‘दिनांक १७ रोजी सायंकाळी ७.४० ते ८.१० या वेळेत आपण वापरलेली वीज बी-४०३ यांजकडून सप्रेम भेट.’ बी-४०४ ते बिल सकाळी वाचेल, दुपारपर्यंत बायकोला वाचून दाखवेल आणि संध्याकाळच्या आत मोटारीच्या शोरूममध्ये उभा असेल. तिथे तो रंग विचारणार नाही, मायलेज विचारणार नाही. तो विचारेल, “यातून त्याला परत किती देता येते? पाच युनिट तरी देता आले पाहिजेत.”